जुन्या सेडानचा लोअर आर्म बदलताना: गोव्यातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थीच्या तोंडावर आणि पाऊस ओसरला की एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते: "खड्ड्यात चाक गेलं की पुढून खट् आवाज येतो, आर्म गेला वाटतं." कधी आर्म खरोखरच गेलेला असतो, पण बऱ्याचदा दोष दुसरीकडेच निघतो. पहिल्या पिढीची डिझायर, एटिऑस, अ‍ॅक्सेंट, व्हेरिटो अशा दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. या सगळ्यांचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचं (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात) आहे, त्यामुळे कामाची रीत थोड्याफार फरकाने सारखीच. बोल्टचे आकार आणि किती जोराने आवळायचं याचे आकडे मात्र आपापल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

लोअर आर्मचं काम काय?

चाकाचा हब (चाक ज्यावर आवळलं जातं तो मधला भाग) ज्या नकलवर (स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या लोखंडी तुकड्यावर) बसतो, तिला वरून शॉकअप आणि स्प्रिंग सांभाळतात, खालून लोअर आर्म. आर्मचं आतलं टोक दोन रबरी बुशांतून क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या लोखंडी चौकटीला, जोडलेलं असतं आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे फिरणारा गोळ्याचा सांधा, असतो. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म बुशांभोवती हलतो, स्टीअरिंग फिरवलं की नकल बॉल जॉइंटवर फिरते. गाडीचं वजन मुख्यतः स्प्रिंग पेलते. आर्म चाकाला जागेवर धरून ठेवतो: वळणावर आत-बाहेर सरकू देत नाही, ब्रेक दाबल्यावर मागे ओढलं जाऊ देत नाही.

इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या आर्ममध्ये पुढचा बुश सहसा कडक असतो आणि मागचा मोठा व मऊ. ब्रेकचा आणि खड्ड्याचा धक्का हा मागचा बुश जिरवतो, म्हणून बहुतेक वेळा तोच आधी फाटतो.

आर्म खराब झालाय हे चालवताना कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. बुश फाटला असेल तर ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये निघताना खालून एकच जड ठोका ऐकू येतो. सरळ रस्त्यावर गाडी किंचित भरकटते, ब्रेक लावला की एका बाजूला ओढते. टायरची आतली कड लवकर झिजते. बॉल जॉइंट सैल असेल तर लहान खड्ड्यातही कोरडी खटखट होते आणि स्टीअरिंग फिरवताना कधी कधी कुरकुर येते.

यातलं एकही लक्षण फक्त आर्मचंच असतं असं नाही. झिजलेली लिंक रॉड (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणारी दांडी), शॉकअपचं वरचं माउंट, सैल टाय रॉड एंड (स्टीअरिंगची दांडी नकलला जोडणारा सांधा) आणि सैल ब्रेक कॅलिपर हे चारही जण जवळपास तसाच आवाज काढतात. म्हणून पुढचा प्रश्न या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा.

नक्की काय गेलंय हे तपासायचं कसं?

गाडी सपाट जागेवर जॅकने उचलून स्टँडवर घ्या आणि चाक हवेत ठेवा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर संशय बेअरिंगवर, तसाच राहिला तर बॉल जॉइंटवर. मग चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवा, तिथला खेळ टाय रॉडचा. मॅकफर्सन रचनेत खालच्या बॉल जॉइंटवर स्प्रिंगचा भार नसतो, त्यामुळे चाक लटकत असतानाही त्याचा खेळ नीट दिसतो. खात्री करायची तर आर्म आणि नकलच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच उचलून पाहा.

बुशांसाठी चांगला टॉर्च लागतो. रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा जुन्या गाडीत असणारच, तेवढ्याने बुश बदलायची गरज नाही. आतली लोखंडी नळी रबरापासून सुटली आहे का, भेग आरपार गेली आहे का, टॉमीने दाबल्यावर आर्म क्रॉसमेंबरला टेकतो का, हे पाहायचं. काही बुशांच्या रबरात कारखान्यातूनच पोकळ खाचा ठेवलेल्या असतात. त्या पाहून "फाटलाय" असा निकाल देणारे मेकॅनिक आहेत, म्हणून डाव्या आणि उजव्या बुशाची तुलना करूनच ठरवा.

लिंक रॉडवर संशय असेल तर त्याची सोपी चाचणी आहे. दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड सोडा, सुटी टोकं कशाला लागणार नाहीत अशी बांधा आणि गल्लीतल्याच खडबडीत रस्त्यावर गाडी अगदी हळू फिरवा. आवाज गेला तर आर्मला हात लावायचं कारण उरलं नाही. लिंक रॉड आर्मच्या मानाने स्वस्त आणि बदलायला सोपी, म्हणून ही चाचणी आधी करा. जागेवर उभं राहून स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग अडखळून सुटल्यासारखा आवाज आला तर वरचं माउंट तपासा.

कुरकुर नेमकी कुठून येते हे कळत नसेल तर एकेका बुशावर साधं पाणी शिंपडा आणि गाडीचं नाक दाबून हलवा. ज्या बुशावर पाणी पडल्यावर आवाज काही क्षण थांबतो, तोच कुरकुरतोय.

गोव्यात हे भाग लवकर जातात, हे खरं का?

इथली हवा आणि रस्ते दोन्ही त्यांच्यावर कठीण आहेत. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर खड्डे पाण्याने भरून रस्त्याच्या पातळीत दिसतात. किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच समजतं. बॉल जॉइंटवरचं रबरी बूट एकदा फाटलं की चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि आतला गोळा गंजून झिजतो. लाल मातीचा बारीक गाळ त्यात घासत राहतो. डिचोली, साखळी, सावर्डे, कुडचडे भागात खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांच्या गाड्यांत हे जास्त दिसतं.

किनाऱ्यालगत गंजाचा त्रास वेगळा. मिरामार, कळंगुट, कोलवा या पट्ट्यात समुद्राकडे तोंड करून रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा आर्म वरून ठीक दिसतो, पण बोल्ट बुशाच्या आतल्या नळीत गंजून घट्ट बसलेला असतो. चोडण-दिवाडीच्या फेरीतून रोज जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर चाकांखाली येणारं पाणी खारं असतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याचा पाइप गाडीच्या खालून फिरवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल किंवा डिझेल फवारायची पद्धत मात्र सोडून द्या. पत्र्याचा गंज थोडा अडतो, पण खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. पत्रा वाचवताना बुश जातात.

गॅरेजपर्यंत चालवत नेली तर चालेल?

फक्त बुश फाटला असेल तर हळू, जवळच्या गॅरेजपर्यंत, हो. बॉल जॉइंटमध्ये स्पष्ट खेळ असेल तर नाही. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये चाकाला खालून धरणारा तो एकटाच. तो निसटला तर चाकाची खालची बाजू बाहेर फेकली जाते, चाक फेंडरखाली मुडपतं आणि स्टीअरिंग हातात असूनही गाडी तुमची राहत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या वळणावर हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको. टोइंगची गाडी बोलवा, चारही चाकं वर घेणारी.

पूर्ण आर्म घ्यावा की नुसते बुश बसवावेत?

तीन गोष्टी पाहायच्या: बॉल जॉइंट वेगळा मिळतो का, आर्मचा पत्रा कसा आहे आणि जवळ हायड्रॉलिक प्रेस आहे का. काही गाड्यांत बॉल जॉइंट आर्ममध्येच दाबून बसवलेला असतो आणि कंपनी पूर्ण आर्मच विकते. काहींत तो बोल्ट किंवा रिव्हेटने जोडलेला असतो, तो सुटा बदलता येतो.

गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी आणि किनारपट्टीतली असेल तर मी पूर्ण आर्मच सुचवतो. बुश, बॉल जॉइंट आणि पत्रा एकाच वयाचे होतात, आणि मजुरी व अलाइनमेंट दोन्ही एकदाच द्यावी लागते. पत्रा उत्तम असेल, बॉल जॉइंटचं बूट शाबूत असेल आणि फक्त मागचा बुश गेला असेल, तर प्रेसवर बुश बसवणं योग्यच. बुशाची दिशा मात्र चुकता कामा नये. त्यावर खूण किंवा बाण असतो आणि पोकळ खाचा ठरावीक बाजूलाच याव्या लागतात. काढण्यापूर्वी जुन्या बुशाचा फोटो घ्या. हातोड्याने ठोकून बुश बसवणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

दोन्ही बाजू एकदम बदलायलाच हव्यात?

सक्ती नाही. एखाद्या मोठ्या खड्ड्यात एकच आर्म वाकला असेल तर तेवढाच बदला. बुश वयाने गेले असतील तर दुसरी बाजू मागोमाग येतेच, तेव्हा दोन्ही एकदम केलेलं परवडतं.

पार्ट घेताना काय पाहायचं?

चॅसिस नंबर घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार आणि मॉडेलनुसार आर्म बदलतो. बॉल जॉइंटच्या दांड्याची जाडी बदलते. ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी, क्लीनर साइड म्हणजे डावी. खोक्यावरचं डावं-उजवं दुकानातच तपासा. कंपनीचा मूळ पार्ट किंवा गाडी कंपन्यांना माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचा पार्ट घ्यावा. बिल घ्या. भंगारातला आर्म घेऊ नका: तो कुठल्या अपघातातून आला, सूतभर वाकलाय का, हे डोळ्यांनी कळत नाही.

नवा आर्म जुन्याशेजारी ठेवून पाहणं ही दोन मिनिटांची गोष्ट. भोकांमधलं अंतर, बुशांची दिशा, दांड्याची जाडी, लिंक रॉडचं भोक जुळलं पाहिजे. नवा बॉल जॉइंट हाताने हलवला तर घट्ट पण एकसारखा फिरायला हवा.

हे काम घरी करता येईल?

ज्याने आधी ब्रेक पॅड किंवा शॉकअप स्वतः बदलले आहेत आणि ज्याच्याकडे सपाट काँक्रीटची जागा आहे, त्याला येईल. पहिल्यांदाच पाना हातात धरणाऱ्याने या कामाने सुरुवात करू नये.

जॅक, दोन मजबूत स्टँड, टॉर्क पाना (ठरावीक जोरापर्यंतच आवळता येणारा), लांब दांड्याचा पाना, टॉमी, हातोडा, तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारा स्प्रे एवढं लागतं. जपानी आणि कोरियन गाड्यांना बहुतेक ठिकाणी 14, 17 आणि 19 चे सॉकेट पुरतात. लॉकनट आणि स्प्लिट पिन नव्याच आणा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. आपल्याकडे अंगणात चिरे (बांधकामाचे जांभ्याचे दगड) पडलेले असतात आणि गाडी उचलली की त्यांचीच चळत खाली लावायचा मोह होतो. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ दगड आहे. भिंतीत त्याच्यावर भार सगळीकडून सारखा पसरतो, पण गाडीच्या कडेचा भार एका रेषेवर येतो आणि चिरा काही इशारा न देता फुटतो. काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. चिरा मागच्या चाकांना अडण म्हणून लावा, गाडीखाली कधीच नाही. काढलेलं चाक दाराच्या खालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी अंगावर न येता त्यावर टेकेल.

काढण्याचा क्रम काय?

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर स्प्रे मारून ठेवा. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग गाडी उचला, स्टँडवर घ्या, चाक काढा. स्टॅबिलायझरची लिंक (म्हणजेच लिंक रॉड) आर्मला जोडलेली असेल तर ती सोडा. शक्यतो दोन्ही बाजूंची सोडा, नाहीतर बार पिळलेला राहतो आणि आर्म खाली येत नाही.

पुढे बॉल जॉइंट. हा दोन प्रकारचा असतो. पहिल्यात दांडा नकलच्या चिरेत बसतो आणि आडवा बोल्ट त्याला आवळतो. हा बोल्ट पूर्ण बाहेर काढावाच लागतो, कारण तो दांड्याच्या खाचेतून जातो. नुसता सैल करून टॉमीने ओढत बसलात तर बोल्टही जाईल आणि नकलही. चीर पाचरीने किंचित उघडली की दांडा खाली सुटतो. दुसऱ्या प्रकारात निमुळता दांडा आणि खाचांचा नट असतो. स्प्लिट पिन काढा, नट सैल करून शेवटच्या आट्यांवर तसाच ठेवा आणि पुलर (सांधा ओढून सोडवणारं अवजार) लावा. पुलर नसेल तर दांड्याच्या टोकावर न ठोकता नकलच्या कानावर बाजूने एक-दोन जोरकस ठोके द्या, निमुळती पकड सुटते. नट पूर्ण काढला असता तर आर्म झटक्यात खाली आला असता.

नकल सुटी झाली की तिला दोरीने बांधून ठेवा. ती बाहेरच्या बाजूला लोंबकळली तर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो, आणि ब्रेकचा पाइप व एबीएसची तार ताणली जाते. शेवटी क्रॉसमेंबरचे बोल्ट.

बोल्ट सुटतच नसेल तर?

घाई करू नका. पुन्हा स्प्रे, पुन्हा थोडा वेळ, मग आवळायच्या दिशेने किंचित आणि सोडायच्या दिशेने किंचित, असं मागे-पुढे करत काढा. काही गाड्यांत नट क्रॉसमेंबरच्या आत वेल्ड केलेला असतो. तो वेल्ड तुटला तर नट आत नुसता गरगरतो आणि खिडकी कापून नट धरायची पाळी येते. बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नसेल तर तो बुशाच्या नळीत गंजला आहे. तिथे गॅसची ज्योत लावायचं काम अनुभवी माणसानेच करावं: रबर पेटतं, आणि इंधनाचे व ब्रेकचे पाइप जवळच असतात. बऱ्याचदा बोल्ट कापून नवा घालणं जास्त सुरक्षित असतं.

"शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर असताना आवळा" असं का सांगतात?

हाच भाग सगळ्यात जास्त चुकतो आणि नवा आर्म काही महिन्यांत पुन्हा आवाज करायला लागतो.

बुशाचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी क्रॉसमेंबरला घट्ट धरली जाते, ती फिरत नाही. आर्म हलतो तेव्हा फक्त रबर पिळतं. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लटकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर रबराच्या दृष्टीने तीच त्याची मूळ जागा ठरते. गाडी खाली आली की आर्म वर जातो आणि बुश पिळलेल्या टॉवेलासारखा कायम ताणात राहतो, अगदी गाडी घरी उभी असतानाही. त्यावर खड्ड्याचा पिळा पडला की रबर फाटतं.

म्हणून बुशांचे बोल्ट आधी फक्त हाताने टेकवायचे. बॉल जॉइंट मात्र मॅन्युअलच्या पूर्ण आकड्यापर्यंत तेव्हाच आवळायचा. खाचांच्या नटाचं भोक पिनेशी जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळून जुळवा, सैल करून कधीच नाही. मग बॉल जॉइंटच्या जवळ आर्मखाली जॅक लावून, गाडी स्टँडवरून किंचित उचलली जाईपर्यंत आर्म वर न्या. ही जवळपास चालण्याची उंची. आता बुशांचे बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळा. गॅरेजमध्ये पिट किंवा चारखांबी लिफ्ट असेल तर काम आणखी सोपं, गाडी चाकांवरच उभी राहते. दोनखांबी लिफ्टवर चाकं लटकतात, तिथे मेकॅनिकला आर्मखाली उंच स्टँड लावायला सांगा. "दादा, बुशाचे बोल्ट भारावर आवळणार ना?" एवढा प्रश्न आधीच विचारा. चांगला मेकॅनिक त्याचं वाईट वाटून घेत नाही.

व्हील नट लहान गाड्यांत साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल.

अलाइनमेंट लगेच करायला हवं का?

हो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. आर्म बदलल्यावर चाकाचा खालचा बिंदू थोडा सरकतो आणि टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो. आधी टायरची हवा बरोबर करा. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत पुढचा टो तेवढा जुळवता येतो, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा कल) कारखान्यात ठरलेले असतात. यंत्राच्या छापील कागदावर कॅम्बर दोन्ही बाजूंना बराच वेगळा दिसला तर नकल, शॉकअप किंवा क्रॉसमेंबर वाकलेला असू शकतो. तो कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

किती वेळ लागतो, आणि पैसे कशाकशाचे?

बोल्ट सुटे असतील तर सरावाच्या हाताला एका बाजूला दीड-दोन तास. गंज असेल तर अर्धा दिवस धरा. काही गाड्यांत पुढचा बोल्ट गिअरबॉक्सला अडतो, तिथे इंजिनचं माउंट सोडावं लागतं आणि मजुरी वाढते. पार्ट, मजुरी, अलाइनमेंट असे तीन आकडे वेगवेगळे विचारा आणि काढलेला आर्म परत मागा. तो हातात घेऊन पाहिला की खरंच गेला होता का हे तुम्हालाही दिसतं.

बदलल्यावर नवाच आवाज येतोय. आता?

चाकाजवळ सतत सळसळ येत असेल तर काम करताना ब्रेक डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून डिस्कला लागला असण्याची शक्यता जास्त, तो हाताने मागे वाकवता येतो. खटखट असेल तर लिंक रॉडचे नट आणि व्हील नट तपासा. ब्रेक दाबताना ठोका येत असेल तर गाडी चालवू नका आणि क्रॉसमेंबरचे बोल्ट लगेच बघा. काही न होताही थोडे दिवस चालवल्यावर सगळे बोल्ट एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत.

गाडी 15 वर्षांची होत आली. यावर खर्च करावा का?

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि मग दर 5 वर्षांनी. तेव्हा गाडीची तपासणी होते, सैल सस्पेन्शन तिथे अडचणीचं ठरतं. पण मी आधी दुसरंच बघायला सांगेन: क्रॉसमेंबर आणि तो ज्या बॉडीला जोडलाय तिथला पत्रा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर आर्म खुशाल बदला, गाडी अजून बरीच चालेल. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले, तर आधी वेल्डिंगवाल्याला दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐकल्यावरच आर्म विकत घ्या.